ही कुत्री कुणाची?

बान साय लोम
सोमवार, १४ जानेवारी, बुद्धसंवत २५६२

वान ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच ठेवून दिलं असतंस, म्हणून पत्ता सोनक्लिन मावशीच्या हातून लिहून घेतलाय. फसवलं म्हण हवं तर. फोनवर तू मला नऊ वर्षं अडवून ठेवलंयस, मग मला दुसरा रस्ता कुठला?

रडगाणं गाणार नाही. काम आहे.

घराची निळी वही, घरातल्या माणसांच्या सरकारी नोंदीची, तुझ्याकडे आहे. आई गेल्यावर घरप्रमुख म्हणून तुझं नाव लागलं आणि वही तू बँकॉकला घेऊन गेलीस. घर झाडते मी, गळकं छप्पर शाकारते मी, पण कागदावर घर तुझं आणि मी त्यातल्या एका पानावरची धाकटी बहीण. त्याबद्दल तक्रार नाही. मला त्या वहीची एक नक्कल हवी आहे आणि एका संमतीपत्रावर घरप्रमुखाची सही.

कशासाठी, तेही सांगते, लपवत नाही. नऊ मार्चला किनाऱ्यावर पतंगमहोत्सव आहे. त्याआधी सगळी ‘बेवारस’ कुत्री उचलून डोंगरापलीकडच्या कोंडवाड्यात न्यायचा आदेश निघालाय. तिथून एखादं कुत्रं परत आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. आमची पशुडॉक्टर जूम एकदा तिथं जाऊन आली. काय पाहिलंस विचारलं, तर म्हणाली, “पाण्याची भांडी सगळी पालथी होती.”

ज्या कुत्र्याला मालक आहे त्याला सोडणार आहेत. मालकानं अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत अर्ज द्यायचा: कुत्र्याचा फोटो, लस टोचल्याचा दाखला, मालकाच्या घरवहीची नक्कल, घरप्रमुखाची संमती. मग नंबर घातलेला लाल पट्टा मिळतो. तो गळ्यात असेल तर जाळीवाले हात लावत नाहीत.

किनाऱ्यावर एकतीस कुत्री आहेत. मांजरांकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही, त्यांचं पुण्य थोर. एकतीसच्या एकतीस मी माझ्या नावावर लावणार आहे. सोनक्लिन मावशी किनाऱ्यावर माकुल भाजून विकते, वीस वर्षं झाली, पण तिचं नाव अजून तिच्या गावच्या वहीत, आठशे किलोमीटरवर. डॉक्टर सरकारी खोलीत राहते. कुत्र्यांना भात घालणाऱ्या आम्हा तिघींत ज्या घरात राहते त्याच घराच्या वहीत नाव असलेली मी एकटी. तेही तुझ्या मेहेरबानीनं.

आणि आता मनात तू जे म्हणत असशील, त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवते. ती कुत्री माझी नव्हती. तेव्हाही सांगितलं होतं, आजही तेच सांगते.

तुझी लेक लुकवा पंधरा वर्षांची झाली असेल. तिला… राहू दे.

नुई


शनिवार, २ फेब्रुवारी

वान ताई,

एकोणीस दिवस झाले. पत्र मिळालंच नाही असं म्हणू नकोस, पोचपावतीवर लुकवाची सही आहे. मोठं गोल अक्षर आणि शेवटी एक टिंब, कुणीतरी हाक मारली म्हणून पेन आपटून उठल्यासारखं. ती पावती मी टाकून दिलेली नाही.

तू बोलत नाहीस तर इथलं मीच सांगते. नगरपालिकेत प्राचुआप साहेब म्हणून आहेत. चष्मा कायम कपाळावर, वाचताना मात्र डोळे बारीक करतात. त्यांच्या टेबलावर मी एकतीस अर्ज ठेवले.

“एवढी कुत्री एका घरात?”

“घरात नाहीत साहेब. घरची आहेत.”

“मग राहतात कुठं?”

“तुमचा मुलगा कुठं राहतो?”

“कोराटला. नोकरीला.”

“पण नाव तुमच्याच वहीत ना?”

“अहो बाई, मुलगा आणि कुत्रं यात काही फरक…”

“आहे तर!” मागून सोनक्लिन मावशी. “कुत्री रोज संध्याकाळी घरी येतात.”

साहेबांना हसू आलं आणि ते आलं म्हणून रागही आला. म्हणाले, “घरप्रमुखाची सही आणा. नाहीतर हे एकतीस कागद माकुल गुंडाळायला मावशींना देऊन टाका.”

दर बुधवारी डॉक्टर जूम विहाराच्या मंडपात कुत्र्यांची नसबंदी करते. मी पाय धरते, मावशी वारा घालते आणि बोलते. थोरल्या भिक्खूंनी परवानगी दिलीय, पण विहारात येणाऱ्या म्हाताऱ्यांना हे पाप वाटतं. मागच्या बुधवारी फिन आजी, तीच गं, कोपऱ्यावरची, हात जोडून उठली आणि जाता जाता सगळ्यांसमोर म्हणाली, “मुक्या जिवाची कूस कापतेस नुई, पुढच्या जन्मी वांझ होशील.”

मी म्हटलं, “आजी, ते याच जन्मात उरकलंय. पुढच्या जन्मी काहीतरी नवीन बघू.”

तू असतीस तर डोळे वटारले असतेस. वडीलधाऱ्यांना असं उलट बोलायचं का? पण ताई, तिन्ही वेळा माझ्या उशाशी तूच बसली होतीस. तिसऱ्या वेळी तू नुसती माझी वेणी सोडून पुन्हा घालत राहिलीस. त्यामुळे या बाबतीत मी कुणाला उलट बोलावं आणि कुणाला नाही, हे माझं मी ठरवणार.

गंमत पुढंच आहे. या बुधवारी आजी पुन्हा आली, हातात टोपली, वर पदराचं फडकं. आत दोन पिल्लं, दोन्ही माद्या. “मागच्या दारी कुणी टाकून गेलंय. यांचंही तेवढं… बघ.” आणि हात जोडून बुद्धमूर्तीकडे तोंड करून बसली, आपला काही संबंध नसल्यासारखी. दोन्ही पिल्लं डॉक्टरांनी तिच्याच नावावर लावली.

आणि नवं हॉटेल झालंय, सुरूच्या झाडांपलीकडे. त्यांच्या चादरी-टॉवेल माझ्याकडेच धुवायला येतात. फाटके टॉवेल मी कुत्र्यांना अंथरते. आपली तिपाई (तीन पायांची आहे) चार तारे छापलेल्या टॉवेलावर झोपते. परवा त्यांचा मॅनेजर आला. कोवळा मुलगा, बुटांत वाळू गेली म्हणून वैतागलेला.

“नुईबाई, पाहुणे घाबरतात हो.”

“घाबरतात, तर मग त्यांच्या गळ्यात हात घालून फोटो का काढतात?”

“फोटोतलं कुत्रं चावत नाही.”

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण ते मी त्याला दिलं नाही. ते त्याचं नाही, तुझं आहे.

चादरी दुसरीकडे टाकीन म्हणाला. टाक म्हटलं.

नुई


मंगळवार, १९ फेब्रुवारी, माघपूजा

वान ताई,

सही मी केली.

आईच्या बिस्किटांच्या डब्यात वहीची एक नक्कल सापडली, विजेचं मीटर बदललं होतं तेव्हाची. त्यावर ‘नक्कल खरी आहे’ असं लिहून तू सही केलेली होतीच. तीन दिवस चादरींच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर गिरवली. मालिवानमधला तुझा ‘म’ फार ताठ आहे गं. माझ्या हाताला तेवढं ताठ उभं राहता येत नाही, शेवटी थोडी शेपूट राहतेच. काल अर्ज देऊन आले.

गुन्हा आहे, माहीत आहे. फिर्याद करायची तर कर. ठाण्याचा रस्ता आपल्या घरावरूनच जातो, त्यांना मला शोधावंही लागणार नाही. पण मला लाज वाटतेय असं समजू नकोस. एकतीस जणांना एका घराची गरज होती. घर होतं. तू फक्त दार लावून गेली होतीस.

आज कचेऱ्या बंद. सकाळी विहारात गर्दी होती. मी मागे बसले होते, टोपी माझ्या पायाशी. आपल्या कळपातली ती सगळ्यांत जुनी, अंगानं तांबूस, नुसतं डोकं पांढरं. मंत्रपाठ चालू असताना मला एकदम वहीतला काळ्या आठवला, आपल्या अंगणातला कुत्रा.

तुला आठवतो? मी सातची, तू बाराची. आपल्या वहीत पाच पानं भरलेली होती आणि सहावं कोरं. मला वाटलं, राहून गेलंय. शिसपेन्सिलीनं भरलं. नाव: काळ्या. नातं: धाकटा भाऊ. राष्ट्रीयत्व: थाई. आई ती वही घेऊन जिल्हा कचेरीत गेली आणि तिथल्या माणसानं ती सगळ्या रांगेला उंच धरून दाखवली. आई घरी आली ती वाटेतून वेताची काठी घेऊनच.

“कुणी लिहिलं?”

मी भाताच्या पिंपामागे होते. तू म्हणालीस, “मी.”

“हे तुझं अक्षर नाही.”

“माझंच आहे.”

दोन फटके पोटऱ्यांवर. नंतर मी तुला विचारलं, तू का खोटं बोललीस? तू खोबरेल तेल चोळत होतीस. म्हणालीस, “मी अक्षराबद्दल खोटं बोलले. पण तू लिहिलंस ते कुठं खोटं होतं?”

खोडरबरानं ते पान थोडं झिजलंय. तुझ्याकडेच आहे वही, उजेडात धरून बघ.

नुई


बुधवार, २७ फेब्रुवारी

वान ताई,

हे टपालानं पाठवत नाही. दुपारच्या बँकॉकच्या व्हॅनचा ड्रायव्हर मावशीच्या ओळखीचा आहे. तो तुझ्या हातात देईल. दार उघड.

कुणीतरी नगरपालिकेत कागद टाकलाय, की एकतीस कुत्र्यांचा मालक म्हणजे थट्टा आहे आणि सही तपासा. कुणी टाकला ते मला कळतं, पण नाव घेत नाही, मी पाहिलेलं नाही. प्राचुआप साहेबांनी आज मला बोलावून घेतलं. माझ्या कागदावरची सही आणि जिल्हा कचेरीतली तुझी सही शेजारी शेजारी ठेवली. चष्मा पहिल्यांदाच डोळ्यांवर आला.

“याच्या ‘म’ला शेपूट आहे, बाई.”

“वय झालं की येते.”

“तुमच्या बहिणीला?”

“सहीला.”

हसले नाहीत. म्हणाले, “परवा शुक्रवारी, सकाळी दहा वाजता, तुमच्यादेखत मी मालिवानबाईंना फोन लावणार. त्या म्हणाल्या सही माझी, तर पट्टे घेऊन जा. म्हणाल्या माझी नाही, तर अर्ज रद्द. गाडी सोमवारी येईल, आणि तुमचं प्रकरण पोलिसांकडे. मला वाईट वाटेल, पण मी पाठवीन.”

माझी नाही. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून ऐकले. तेच दोन शब्द मी एकदा वापरलेत. आता ते सांगते. शुक्रवारनंतर सांगितलं असतं तर तो सौदा झाला असता किंवा सूड. आज सांगितलं तर नुसतं खरं राहील.

ती कुत्री माझी होती.

खरपुडी तिचं नाव. मी ठेवलेलं. भाताच्या तळाची खरपुडी तिला आवडायची, आणि रंगही तोच, कडेला करपलेला. त्या वर्षी सोंक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, तुम्ही दोघी आलात त्याच्या आठ दिवस आधी ती आपल्या पाण्याच्या टाकीखाली व्याली. चार पिल्लं. टॉवेल मीच अंथरला होता. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, आधी ते घाण काढ. लुकवाला मात्र दाखवलं. सहा वर्षांची होती, दोन दिवस माझ्याबरोबर येऊन तिनं भात घातला. तिला मी म्हटलं, आईला सांगू नकोस हं, आपलं गुपित. तिसऱ्या दिवशी ती एकटी गेली आणि पिल्लाला उचलायला हात आत घातला. आईपण नवीन असलेल्या कुत्रीसमोर काय करायचं नसतं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

ओठापासून कानापर्यंत अकरा टाके. ते तुला सांगायला नको.

तू तिला घेऊन दवाखान्यात पळालीस. मागे माणसं जमली, मग नगरपालिकेचे दोघे आले, हातात फासाची काठी. त्यातला एक ओरडून विचारत होता, “ही कुत्री कुणाची?” मालक पुढं आला असता तर बांधून ठेवा, दहा दिवस लक्ष ठेवा, एवढंच सांगून गेले असते. ते मला नंतर कळलं. पण तेव्हा कळलं असतं तरी मी बोलले असते का, ते मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तुझी भीती वाटत होती ताई. पोलिसांची नाही, तुझी.

मी म्हटलं, “माझी नाही.”

आणि माझा आवाज ऐकून तिनं शेपूट हलवली. फास गळ्यात असताना. तो माणूस म्हणाला, “ही तर तुमच्याकडे बघून हलवतेय.” मी म्हटलं, “ती सगळ्यांकडेच बघून हलवते.” ती गाडीत गेली. चारातली तीन पिल्लं मी नाही वाचवू शकले. एक जगलं. टोपी.

एवढंच असतं तर मी नऊ वर्षं गप्प बसले नसते. दवाखान्यात पट्टीच्या आडून लुकवा म्हणाली, “मावशी तिला भात घालायची. मी पण.” तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, “नुई, तुला माहीत होतं?” आणि मी म्हटलं, “लहान आहे, तापात बरळतेय.” तू तिला दटावलंस, खोटं बोलू नये म्हणून. टाके घातलेल्या तोंडाला. मी दटावू दिलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग भिंतीकडे वळली.

तू माझ्यावर रागावलीस ती चाव्यासाठी नव्हे, हे मला कळत होतं. तुला तेव्हाच कळलं होतं, कोण खोटं बोलतंय. घरी नेऊन तू तिला पुन्हा विचारलं असशील. फक्त माझ्या तोंडून यावं म्हणून तू वाट पाहिलीस, आणि मी काही बोलले नाही. मग दार लागलं.

म्हणून नीट ऐक. कुत्र्यांबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. मी त्यांना भात घालते, टोचून घेते, त्यांच्या कुशी शिवून घेते, आणि उद्याही तेच करणार. कुत्री वाईट नव्हती, तिची मालकीण भित्री होती. त्यानंतर मी प्रत्येक कुत्र्याला नाव दिलं आणि प्रत्येकाला चारचौघांत हाक मारते, कुणी विचारलं तर ऐकू जावं म्हणून. माफी मागते ती लुकवाची. तिला मी खोटं पाडलं. तिला सांग, ती खरं बोलत होती, शब्द न् शब्द.

आणि शुक्रवारी तुझ्यावर माझं कसलंही ओझं नाही. सही तुझी नाही. तू ‘माझी नाही’ म्हणालीस तर ते निदान खरं असेल. माझं तर तेही नव्हतं. मी त्या टेबलासमोर उभी असेन. या वेळी पिंपामागे लपणार नाही. सही मी केली, कुत्री माझी, असं म्हणेन आणि सोमवारी गाडीसमोर जाऊन बसेन. मावशी म्हणते, ती शेजारी पेटती शेगडी घेऊन बसणार, म्हणजे धंदाही बुडायला नको.

नुई


शुक्रवार, १ मार्च

वान ताई,

तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. पण इकडच्या बाजूनं ते कसं ऐकू आलं, ते तुला माहीत नाही. म्हणून लिहिते.

साहेबांनी फोनचा आवाज मोठा केला. मावशी माझ्या उजवीकडे, अंगाला माकुलाचा वास. डॉक्टर जूम डावीकडे, तिला खरं तर सुट्टी नव्हती. दारात दोन-तीन कारकून उगाच फायली चाळत उभे. तीनदा वाजला. तू उचललास. नऊ वर्षांनी तुझा आवाज. जाडसर झालाय. सर्दी होती का?

साहेबांनी आदबीनं सगळं सांगितलं. तारीख, अर्ज, सही. विचारलं, “मालिवानबाई, ही सही तुमचीच आहे का?”

पंख्याचा आवाज येत होता, तुझ्या घरातला. मावशीनं माझं मनगट धरलं. मी मनात म्हटलं, म्हण ताई, खरं असेल ते म्हण. खोटं नाही सांगत, मी तसंच म्हटलं.

“माझीच आहे,” तू म्हणालीस.

“पण ‘म’ला जरा…”

“माझा हात आहे. मला वाटेल तशी शेपूट काढीन.”

दारातला एक कारकून फिस्सकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग घसा साफ केला. “म्हणजे तुमच्या घरच्या एकतीस कुत्र्यांना तुमची संमती आहे?”

“नाही.”

मी टेबलाकडे एक पाऊल टाकलं.

“एकतीस नाहीत. बत्तीस आहेत. एक राहिलीय, लिहून घ्या.”

“नाव?”

पुन्हा पंखा. तुझा श्वास. आणि मग तुझ्या मागून एक आवाज आला, मोठ्या मुलीचा, मी कधीच न ऐकलेला. अजिबात अडखळला नाही.

“खरपुडी.”

साहेबांनी लिहिलं. “रंग?”

“करपलेल्या भाताचा,” तू म्हणालीस, आणि फोन ठेवलास.

मी रडले नाही. डॉक्टर रडली. मावशीनं साहेबांना विचारलं, आता तरी त्या कागदांत माकुल गुंडाळायचं का? साहेब म्हणाले, “बत्तीस पट्टे मोजून घ्या. मंगळवारी मी स्वतः येतोय, एकेक कुत्रं बघणार.”

आभार मानत नाही. तुला आवडत नाही ते.

नुई


मंगळवार, ५ मार्च

वान ताई,

प्राचुआप साहेब आज येऊन गेले. यादी, पेन, छत्री. सोमवारी गाडीही येऊन गेली, रिकामी.

आम्ही सुरूच्या झाडांखाली सगळ्यांना जमवलं होतं. भात आणि बांगड्याची डोकी उकडून ठेवली होती, त्यामुळे कुणी हललं नाही. साहेब नंबर वाचत होते, मी नावं सांगत होते. एक, टोपी. दोन, तिपाई. तीन, वकील, हा सतत भुंकतो आणि कुणाचंच ऐकत नाही. नऊ, पाहुणा, तो रोज वेगळ्या हॉटेलात जेवतो. हॉटेलातल्या काही परदेशी बाया गंमत बघायला आल्या होत्या. मॅनेजरही लांब उभा होता, हाताची घडी घालून. त्याच्या चादरी अजून माझ्याकडेच आहेत. दुसरा धुणारा त्याला मिळाला नसावा.

एकतिसावर साहेब थांबले. पुन्हा मोजले. मग घराकडे आले. आपल्या पाण्याच्या टाकीजवळ खिळ्याला एक लाल पट्टा लटकत होता, नंबर बत्तीस. तो त्यांनी हातात घेऊन पाहिला.

“ही कुत्री कुणाची?”

मॅनेजर ऐकत होता. फिन आजी दारात आली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “आमची.”

“आहे कुठं?”

“बाहेर गेलीय.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा कपाळावर होता, म्हणजे वाचत नव्हते, बघत होते. मग पट्टा परत खिळ्याला अडकवला, सरळ केला, आणि यादीवर खूण केली. म्हणाले, “वहीत नाव आहे ना, मग झालं. माझा मुलगाही कोराटलाच असतो.”

तर सगळी आहेत, ताई.

पुढच्या महिन्यात सोंक्रान. तुला बोलावत नाही. घर तुझं आहे, बोलावणारी मी कोण? फक्त माहिती म्हणून सांगते. वरच्या खोलीची खिडकी दुरुस्त केलीय. टाकीखाली कुणी नाही. टोपी आता थकलीय, उंबऱ्यातच झोपते, पण अनोळखी माणूस दिसला की अजून उठून उभी राहते. आईची आठवण तिला असेल असं वाटत नाही, तरी लुकवाला सांग, एकदम जवळ जायचं नाही. खाली बसायचं, हात पुढं करायचा, आणि तिला आधी हुंगू द्यायचं.

हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुझ्या वहीतली,
नुई